किडा नसलेली फुलं

९ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी जानेवारीत वाजिदच्या किराणा दुकानातून भेट मिळाली होती. दहा महिने ती पापडाच्या डब्याखाली टेकू म्हणून पडून होती. आज बाहेर काढली, कारण माझ्या मुलाचा, एलियाहचा फोन आला आणि ते सांगायला घरात कुणी नाही. छापील तारखा खोडून माझ्या तारखा घालीन. शनिवारी लिहिणार नाही, आम्हा बेने इस्रायलांचा शब्बाथ असतो.

तर एलियाह येतो आहे. सून शीरा आणि नातू आरोन, तिघंही. दोन फेब्रुवारीला एलियाहू हन्नाबीचा, आमच्या प्रेषिताचा सण आहे, त्या दिवशी माझ्या घरी मलिदा, म्हणजे पोह्या-गुळाचा प्रसाद, करायचा ठरला. आरोन जन्मला तेव्हा काचेच्या पेटीत होता. मी इथे पेणमध्ये बसून नवस बोलले होते की पोर जगलं तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करीन आणि पहिला घास त्याला माझ्या हाताने भरवीन. पोर सहा वर्षांचं झालं. नवस तसाच राहिला आहे.

चार वर्षांपूर्वी आले होते तेव्हाच फिटायचा. पण शीराने माझी निवडलेली मेथी पांढऱ्या फडक्यावर झटकली आणि त्यातून एक हिरवा किडा निघाला. मोहरीएवढा. आमच्यात किडा पोटात जाणं निषिद्ध, हे काय मला ठाऊक नाही? जन्मभर भाज्या निवडते आहे. पण तिकडे इस्रायलला गेल्यापासून एलियाहचा धर्म माझ्या धर्मापेक्षा फार मोठा झाला आहे. त्या दिवसापासून परत जाईपर्यंत तिघं कागदाच्या ताटल्यांत, तिकडून आणलेल्या डब्यांतलं जेवले. मी समोर बसून माझं माझं जेवले. हे (आमचे हासाजी) असते तर त्यांनी ताटल्या उचलून अंगणात फेकल्या असत्या. मी फक्त म्हटलं, "मीठ हवं का?"

या वेळी असं होणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेजारची फरझाना रोपांचा ट्रे घेऊन आली. पॅन्झी म्हणतात. शीराच्या घरच्या फोटोत सॅलडवर हीच फुलं पाहिली होती मी, जांभळी-पिवळी, मांजरीच्या तोंडासारखी. फरझानाला फोटो दाखवल्यापासून तिच्या डोक्यात तेच. तिचा नवरा हाशिम कुवेतला आहे आणि त्याची कंपनी आज बंद होते की उद्या, अशी बोलणी चालू आहेत. तिला स्वतःचं काहीतरी उभं करायचं आहे.

"बाय, ही फुलं खातात. रोह्याला नदीकाठी ती नम्रता रिसॉर्ट चालवते ना, ती केकवर लावायला मुंबयवरनं मागवते. आपुन का नाय द्यायची?"

मी म्हटलं, खायला देवाने हादगा दिला, भोपळ्याचं फूल दिलं, शेवग्याचा फुलोरा दिला, केळफूल दिलं, त्याने पोट भरलं नाही का लोकांचं? ती हसली. माझं बोलणं ती कधी मनावर घेत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

बाकीची रोपं रामवाडीच्या गुणाजीच्या नर्सरीतून आणली. आम्ही दोघी गेलो होतो. मी त्याला सांगितलं की फुलं खायची आहेत, तर तो पोट धरून हसला. "बाय, भात महाग झाला काय?" नर्सरीतल्या दोन बायाही हसल्या. तीस वर्षं मी या गावातल्या पोरींना शिवण शिकवलं, मला असं हसलेलं चालत नाही.

तिच्या गच्चीवर वीस कुंड्या, माझ्या गच्चीवर वीस. मधे फक्त गुडघ्याएवढी भिंत आहे. वर हिरवी जाळी बांधली, कारण पेणचं ऊन या फुलांच्या बापाने पाहिलेलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

पहिलं फूल माझ्याकडे उमललं. फरझानाकडे कळ्याच आहेत. लिहायला लाज वाटते, पण आनंद झाला तो फुलाचा कमी आणि हा जास्त.

खाऊन पाहिलं. काकडीच्या सालीसारखी चव, शेवटी थोडी गोडसर. उगीच लोक कौतुक करतात. तरी दुसरंही खाल्लं.

चार फुलं जुन्या शिवणाच्या वहीत, बेतण्याच्या कागदात घालून वर यांची लोखंडी इस्त्री ठेवली आहे. वाळली की मेणबत्तीवर बसवीन. चमच्याची पाठ गरम करून हलकेच फिरवली की मेण विरघळतं आणि फूल आत बसतं. शुक्रवारच्या मेणबत्त्यांवर फुलं असली की शीरा काय म्हणेल बघू.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज फेण्या केल्या, फुलांच्या. कल्पना माझी, हात फरझानाचे. तांदळाचं आंबवलेलं पातळ पीठ फरझानाने आणलेल्या साच्याच्या ताटलीवर पसरायचं, त्यावर पॅन्झी उलटी ठेवायची, वाफवायचं, मग अलगद सोलून कापडावर वाळत घालायचं. पीठ पारदर्शक होतं आणि फूल आतून बघतं. तळलं की जांभळा रंग चहासारखा होतो, पिवळा टिकतो. म्हणून पिवळीच घ्यायची असं ठरलं. मेलं पापडांच्या गावात जन्म गेला, पण असली फेणी मी कधी पाहिली नव्हती.

फरझाना म्हणाली, "रेचलबाय, तुझं डोकं आन् माजे हात, आपुन पेण विकत घेऊ." मी म्हटलं, आधी पीठ खाली सांडतंय ते बघ. पण दिवसभर बरं वाटलं. हे गेल्यापासून दिवसभर बरं वाटल्याचं आठवत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

फरझानाबरोबर रोह्याला गेले. गाडीत ती डबा मांडीवर घेऊन बसली होती, ओल्या फडक्यात फुलं. पेण सुटल्यावर एका बाईने विचारलं, पूजेची का? फरझाना म्हणाली, "नाय गो, खायची." सगळी गाडी आमच्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघितलं.

नम्रता, ती रिसॉर्टवाली पोर, चलाख आहे. एकेक फूल उजेडात धरून पाहिलं. एकाच गोष्टीवर अडून बसली: फवारणी नको. "काकू, बाजारातली फुलं मी म्हणूनच घेत नाही. एक कीड असली तर चालेल, औषध नको. कीड झटकता येते." फरझानाने कानाला हात लावून कबूल केलं. मी मान हलवली. हिच्यात चालेल कीड. माझ्यात नाही ना चालत.

ठरलं की आठवड्यातून दोनदा फुलं आणि फेण्या द्यायच्या. फरझाना परत येताना इतकी बडबडत होती की मला शेवटी झोप आल्याचं सोंग करावं लागलं.

१३ जानेवारी, मंगळवार

मावा पडला. बारीक हिरवे किडे, पाकळ्यांच्या मागे, देठाला, कळीच्या आत. तिच्याकडेही, माझ्याकडेही. सकाळी पांढऱ्या फडक्यावर एक फूल झटकलं तर नऊ किडे पडले. मी मोजले. मला एकदम शीराची बोटं आठवली, तो मेथीतला किडा चिमटीत धरलेली. उभ्या उभ्या रडू आलं. एवढ्याशा किड्यासाठी चौसष्ट वर्षांच्या बाईने रडावं, याची मला चीड येते.

फरझाना हाशिमच्या जुन्या दाढीच्या ब्रशने एकेक फूल झाडते आहे. साबणाचं पाणी करून पानं पुसते आहे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मी म्हटलं, सण येईपर्यंत तुझ्या दहाच कुंड्या व्हायच्या. ती म्हणाली, "व्हईनात. किडं काय पळून जात नायत, मी बी नाय."

१५ जानेवारी, गुरुवार

एकटीच रामवाडीला गेले. गुणाजीला मावा दाखवला. फुलं खायची आहेत हे या वेळी सांगितलं नाही. पुन्हा हसलेलं मला नको होतं. म्हटलं, गच्चीवर शोभेला आहेत. त्याने एक छोटी बाटली दिली. औषध बरंच उग्र आहे. एक टोपण बादलीभर पाण्यात, म्हणाला. आणखीही काहीतरी सांगत होता, पोरंबाळं आणि पंधरा दिवस असं काहीसं, पण हायवेवर ट्रकांची रांग लागली होती आणि मला उशीर होत होता.

दुपारी फरझाना रोह्याला गेली तेव्हा मारलं. वास आला म्हणून संध्याकाळी तिने विचारलं, "बाय, कसला वास?" मी म्हटलं, जिना फिनेलने पुसला.

सणापर्यंत माझी फुलं मी राखून ठेवणार आहे. रोह्याला तिचीच जातात, जाऊ देत. बाटली जिन्याखाली, जुन्या बुटांच्या मागे ठेवली.

२८ जानेवारी, बुधवार

उद्या येणार. सकाळी पाहिलं तर दोन कुंड्यांत पुन्हा मावा. पुन्हा औषध मारलं. गुणाजी एक टोपण म्हणाला होता, मी दोन घातली. आता उरणार नाहीत.

घर धुतलं. नवीन भांडी काढली, ज्यांना कधी काही लागलेलं नाही अशी. पोहे गिरणीतून ताजे आणले. फरझाना दारात उभी राहून म्हणाली, "आजच पायजे तर पडदे बी धू." मी म्हटलं, ते कालच धुतले.

३० जानेवारी, शुक्रवार

आले. आरोन माझ्या कमरेएवढा झाला आहे आणि यांच्यासारखा डावा खांदा वर करून चालतो. तो 'आजी' म्हणाला आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

जेवण कागदाच्या ताटल्यांतच. एलियाह म्हणाला, "आई, राग मानू नकोस. लहान मूल आहे, सवय नाही." मी म्हटलं, राग कशाचा? शीरा माझ्या स्वयंपाकघरात हात मागे बांधून उभी राहते, दवाखान्यात उभं राहावं तशी. पण मेणबत्त्या पाहून म्हणाली, "सुंदर." तिचं मराठी थोडकंच आहे, आईकडून शिकलेलं, तरी हा शब्द नीट म्हणाली. सूर्य बुडायला आला, थांबते.

१ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मला सविस्तर लिहायचा आहे.

सकाळी मी माझी फुलं खुडली, परातभर. तीनदा मिठाच्या पाण्यातून काढली. फरझानानेही डबा आणून दिला, "बाय, उद्याच्या मलिद्याला माज्याकडनं." तिची फुलं टपोरी होती, पण एका पाकळीमागे मावा चिकटलेला दिसला मला. म्हणून तो डबा मी फ्रिजच्या मागे सारला. उद्या सण उरकला की गाईला घालीन.

मग शीरा आली. तिने पांढरं फडकं अंथरलं. मोबाईलचा दिवा लावला. एकेक फूल झटकलं, पाकळ्या उलगडून पाहिल्या, देठ पाहिले. मी दाराला टेकून फुलं मोजत होते. साठ-सत्तर फुलं तरी असतील. फडकं पांढरंच राहिलं. एक ठिपका नाही.

ती वर बघून हसली. म्हणाली, "आई, काही नाही. स्वच्छ. आमच्याकडे दुकानातून घेतो त्यातसुद्धा असतो किडा." मग हाक मारून एलियाहला दाखवलं. तो म्हणाला, "उद्या सगळं आईच्या हातचं." तिने कागदाच्या ताटल्या बॅगेत परत ठेवल्या. मी बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर परत ठेवल्या.

मला कुणाला तरी सांगायचं होतं. गच्चीवर गेले. फरझाना ब्रश घेऊन बसली होती. मी म्हटलं, एक किडा निघाला नाही. ती माझ्या कुंड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक बी नाय?" तिला जळफळाट झाला असणार. होऊ दे, आज मला कुणाचं काही वाटत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आरोन दवाखान्यात आहे. आता धोका नाही म्हणतात.

काल दुपारी मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं, खजूर आणि वर सगळीभर पॅन्झी. अलिबागहून प्रार्थना सांगायला काका आले होते. पेणमध्ये आमची घरं आता बोटावर मोजण्याइतकी, पण होती तेवढी सगळी आली. प्रार्थना झाली आणि मी पहिला घास आरोनला भरवला. तो म्हणाला, "आजी, पिवळं." पिवळं फूल त्याला आवडलं. मग त्याने परातीतली पिवळी वेचून वेचून खाल्ली आणि मी त्याला आणखी वेचून दिली. बाकीच्यांनी एखाददुसरं फूल खाल्लं असेल.

चारच्या सुमाराला त्याला लाळ गळायला लागली. मग उलट्या, मग घाम, मग पाय ओढायला लागला. शीरा ओरडली तसं माणूस ओरडलेलं मी ऐकलं नाही. एलियाहने त्याला उचललं. फरझाना कुठून आली कळलं नाही, तिनेच रिक्षा आणली आणि पुढे बसून रस्ता मोकळा करत गेली.

डॉक्टरांनी डोळ्यांवर दिवा मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी लगेच विचारलं, "फवारणीचं काही पोटात गेलंय का? घरात औषध आहे? नाव कळलं तर बरं होईल."

एलियाह माझ्याकडे बघत होता. शीरा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, घरात असलं काही नाही.

"मग फुलं कुठली होती?"

मी म्हटलं, काही माझी, काही शेजारणीची. तिची सकाळी आली होती.

हे खोटं नाही. तिचा डबा सकाळीच आला होता.

४ फेब्रुवारी, बुधवार

आरोन उठून बसला. पाणी प्यायला. माझ्याकडे बघून हसला. शीराने त्याचं तोंड हाताने वळवलं. मुद्दाम नसेल.

डॉक्टर स्वतःच्या अंदाजाने उपचार करत गेले म्हणून निभावलं, असं नर्स म्हणाली.

मी पुन्हा पुन्हा विचार केला. औषध मारून पाच दिवस झाले होते. फुलं तीनदा धुतली होती. मीही दोन-तीन फुलं खाल्ली, मला फक्त पोटात मळमळलं. फरझानाच्या गच्चीवर काय काय असतं कुणी पाहिलंय? तिचा साबण कसला होता? मी तिला कधी विचारलं नव्हतं.

एलियाहने काल घर पालथं घातलं. गच्ची, न्हाणीघर, जिन्याखालचे जुने बूट. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्याचे हात बघत होते. बाटली नव्हती. मीच कधीतरी फेकली असणार. म्हातारपणी काय फेकलं ते लक्षात राहत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एलियाह फरझानाच्या दारात गेला. मी नको म्हटलं होतं, हे लिहून ठेवते. हळू आवाजात म्हटलं असेल, पण म्हटलं होतं.

गल्लीतली सगळी दारं उघडली. तो म्हणाला, "माझ्या पोराला काय खाऊ घातलंत? विकायच्या मालावर विष मारता आणि सणाला आणून देता?" फरझाना उंबऱ्यात उभी होती. तिने दाराची कडी घट्ट धरली होती. ती त्याच्याशी बोललीच नाही, माझ्याकडे बघत होती.

"बाय, तू सांग."

मी म्हटलं, तुझा डबा आला होता ना सकाळी?

ती म्हणाली, "व्हय. आला व्हता." मग कडी सोडून, "बाय म्हणते तर असंल." आणि दार लावून घेतलं.

मग एलियाहने मला रोह्याला फोन लावायला लावला. तो समोर उभा होता, मी काय करणार? नम्रताला म्हटलं, फरझानाची फुलं घेऊ नका, पोर आजारी पडलंय. ती म्हणाली, "पण काकू, महिनाभर तीच फुलं आम्ही वापरतोय. इथे कुणाला काहीच झालं नाही." मी म्हटलं, मला काय माहीत. एलियाहने फोन घेतला आणि तो जे बोलला ते मी ऐकलं नाही, मी पाणी प्यायला आत गेले.

फ्रिजमागे तिचा डबा सापडला. तसाच भरलेला. फुलं सुकून चिकटली होती. कागदात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकला.

८ फेब्रुवारी, रविवार

गेले. निघताना एलियाहने मला मिठीत घेतलं, लहानपणी घ्यायचा तसं. म्हणाला, "तुझी काही चूक नाही, आई. तू भोळी आहेस. लोकांवर विश्वास टाकतेस." मला भोळी म्हणणारा हा पहिला माणूस.

शीराने कागदाच्या उरलेल्या ताटल्या ओट्यावर सोडल्या आहेत. फेकवत नाहीत. पाखरांना पाणी ठेवायला बऱ्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नम्रताचं काम बंद झालं. वाजिदच्या दुकानात तिघीचौघी बोलत होत्या, "विषाची फुलं ती." फरझाना मीठ घ्यायला आली तशा गप्प झाल्या. ती पिशवी घेऊन गेली. माझ्या अंगाला अंग घासून गेली, बोलली नाही. मला राग आला. बोलायला काय झालं?

तिच्या गच्चीवरच्या कुंड्या पाण्यावाचून माना टाकून बसल्या आहेत. माझ्या मी एलियाह गेला त्याच दिवशी रिकाम्या केल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहू नये. लिहिते आहे.

फरझाना सकाळी आली. सणाच्या दिवसानंतर पहिल्यांदा. बुरखा घातलेला, बाहेर रिक्षा उभी. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली आणि माझ्या ओट्यावर, त्या ताटल्यांशेजारी ठेवली.

म्हणाली, "जिन्याखाली व्हती. बुटांच्या मागं. तुमाला दवाखान्यात सोडलं तशी मी माघारी आले, गच्चीवरनं उतरून शोधली. तवाच डाक्टरला दाखवली मी, मागच्या दारानं जाऊन. नाव वाचून त्यांनी सुई दिली. कुनाची ते नका इचारू, म्हटलं."

मी ताटल्या बाटलीपासून लांब सरकवल्या.

"एक बी किडा नाय, म्हणालीस तवाच मला कळलेलं. मी त्या राती बोलायला पायजे व्हतं. लई खुश व्हतीस, माजी जीभ नाय वळली. ती माजी चूक, ती मी भोगली."

मी म्हटलं, फरझाना, मला वाटलं धुऊन गेलं असेल.

"गप गो. मी तुज्यासाठी नाय गप रायले. पोरगा आजीच्या हातचं जेवला, आन् आजीनंच... हे त्या पोराला कळू नये म्हनून. तो बरा झाला. मग वाटलं, आता बाय सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल. दारात बसून वाट बघितली गो मी. वाजिदच्या दुकानात बी उभी रायली व्हतीस, माज्यासमोर."

हाशिमची कंपनी बंद पडली. तो परत येतो आहे. ती अलिबागला भावाकडे जाते आहे, घर भाड्याने देणार. तिथे तरी तिला कुणी विषाची फुलं म्हणणार नाही, असं म्हणाली. मग जाता जाता तिने माझ्या ओट्यावरचा फेण्यांचा साचा उचलला. तो तिचाच होता.

"एलियाहला तू सांग. गल्लीला नको सांगू, नम्रताला नको सांगू. फक्त त्याला. मला मान्य हाय मग." दारात थांबली. "दाढीचा ब्रश ठेवलाय भिंतीवर. तुला लागंल."

२२ फेब्रुवारी, रविवार

ठरवूनच फोन लावला. सकाळपासून तीनदा वाक्य म्हणून पाहिलं: एलियाह, ती बाटली माझी होती. एवढंच. सात-आठ शब्दसुद्धा नाहीत.

आधी आरोन बोलला. आवाज इतका स्वच्छ की त्याच्या पाठीमागे शीरा भांडी लावते आहे तेही ऐकू येत होतं. त्याने विचारलं, आजी, पिवळी फुलं अजून आहेत? मी म्हटलं, संपली रे.

मग एलियाह आला. मी म्हटलं, मला तुला एक सांगायचं आहे. तो म्हणाला, "आधी माझं ऐक. शीरा आणि मी बोललो. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, अर्धवट राहिलं ते नीट करू. कागदाच्या ताटल्या नाही, डबे नाही. शीरा म्हणते, आईचं स्वयंपाकघर आमच्यापेक्षा स्वच्छ आहे, तिच्या फुलांत एक किडा नव्हता. फक्त बाहेरच्या कुणाचं काही घेऊ नकोस. सगळं तुझ्या हातचं." मग त्याने विचारलं, "तू काय सांगत होतीस?"

मी म्हटलं, काही नाही. सांभाळून राहा.

बाटली अजून ओट्यावर आहे. फरझानाच्या दाराला कुलूप आहे आणि गच्चीच्या भिंतीवर तो ब्रश उन्हात पडला आहे, मी उचललेला नाही.

पुढच्या रविवारी सांगीन. आज लाईन बरी नव्हती, नीट ऐकू येत नव्हतं.